लाउरीची चित्रे कोणाच्या मालकीची?

ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनच्या 'क्रिस्टीज' या लिलावगृहात 'गोइंग टु द मॅच' या चित्राला सर्व शुल्कांसह सुमारे ७८ लाख पौंड किंमत आली. १९५३ साली रंगविलेल्या या चित्राचा विषय अगदी साधा आहे. बोल्टन या गिरण्यांच्या गावी फुटबॉलचा सामना व्हायचा आहे आणि चारी बाजूंनी माणसांचे लोंढे मैदानाकडे निघाले आहेत. अंगात काळपट कोट, डोक्यावर टोपी, किंचित पुढे झुकून घाईने चालणारी ही माणसे. मागे एकसारख्या घरांच्या रांगा आणि त्यांच्याही मागे गिरण्यांच्या चिमण्या. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी २ वाजता थांबविले. इंग्लंडमधील कामगाराची शनिवारची मोकळी दुपार हळूहळू रूढ झाली ती अशा कायद्यांमुळे आणि त्यांमागच्या लढ्यांमुळे, आणि त्या दुपारीच तेथील फुटबॉल वाढला. झगडून मिळविलेल्या त्या काही तासांचे हे चित्र आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या कामगार संघटनेने १९९९ मध्ये हे चित्र सुमारे १९ लाख पौंडांना विकत घेतले होते, आणि सॉल्फर्ड येथील 'द लाउरी' या कलासंस्थेत ते लोकांना पाहावयास मिळत असे. पुढे त्या संघटनेशी पूर्वी संलग्न असलेल्या धर्मादाय संस्थेने आपल्या कार्यासाठी निधी उभारण्याकरिता ते विक्रीस काढले. चित्र सार्वजनिक दर्शनातून नाहीसे होऊ नये म्हणून सॉल्फर्डचे महापौर पॉल डेनेट यांनी जाहीर आवाहन केले. अखेर 'द लाउरी'नेच बोली जिंकली. परंतु ती एका खासगी प्रतिष्ठानाने दिलेल्या देणगीच्या बळावर, आणि त्या प्रतिष्ठानाची संपत्ती आली होती वित्तबाजारातील व्यवहारांतून. चित्र लोकांपासून दुरावले नाही, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि कामगारांच्या सुट्टीचे आणि कामगार संघटनेने एके काळी विकत घेतलेले चित्र कामगारांच्या गावी राहणार की नाही, याचा निर्णय एका धनिकाच्या उदारपणावर अवलंबून राहावा, ही बाब समाधान मानून सोडून देण्याजोगी नाही. तिचा अर्थ नीट लागावयाचा तर हा चित्रकार कोण होता, त्याने काय पाहिले आणि त्याची चित्रे प्रथम कोणी जपली, हे पाहिले पाहिजे.

लॉरेन्स स्टीफन लाउरी याचा जन्म १ नोव्हेंबर १८८७ रोजी मँचेस्टरलगतच्या स्ट्रेटफर्ड येथे झाला. वडील घरे-जमिनींचे व्यवहार पाहणाऱ्या एका पेढीत कारकून होते. आई पियानोवादनात निपुण होती आणि सामाजिक प्रतिष्ठेची तिला मोठी ओढ होती. काही वर्षे हे कुटुंब व्हिक्टोरिया पार्क या झाडीच्या, सुखवस्तू भागात राहिले. परंतु मिळकतीचा आणि राहणीचा मेळ बसेना, आणि १९०९ मध्ये त्यांना पेंडलबरी या गिरण्या व कोळशाच्या खाणी यांनी वेढलेल्या वस्तीत बिऱ्हाड हलवावे लागले. मध्यमवर्गाच्या शिडीवरून एक पायरी घसरलेल्या माणसांना कामगारवस्तीचा जो तिटकारा वाटतो तो या घरातही होता. लाउरीला स्वतःला ही जागा आरंभी अजिबात आवडली नाही. काही वर्षांनी तिच्यात रस वाटू लागला आणि पुढे तर तिने पछाडलेच, असे तो सांगत असे. १९१६ मध्ये पेंडलबरी स्थानकावर त्याची गाडी चुकली, आणि परतताना समोर ॲक्मे स्पिनिंग कंपनीची गिरणी सुटून शेकडो माणसे बाहेर पडताना त्याला दिसली. आपला विषय आपल्याला त्या क्षणी सापडला, ही हकीकत त्याने अनेकदा सांगितली आहे. कलावंत अशा साक्षात्कारांना मागाहून नीटस रूप देतात हे खरे. परंतु सात वर्षे डोळ्यांसमोर असलेली गोष्ट एके दिवशी दिसू लागावी, यात अविश्वसनीय असे काही नाही.

लाउरी हा कसलेही शिक्षण न घेतलेला, भोळाभाबडा चित्रकार होता, असा एक समज पुष्कळ काळ पसरलेला होता. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. १९०५ पासून तो मँचेस्टरच्या नगरपालिकेच्या कलाशाळेत संध्याकाळच्या वर्गांना जात होता. तेथे आदोल्फ व्हॅलेट या फ्रेंच चित्रकाराने त्याला शिकविले आणि फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकलेची ओळख करून दिली. पुढे सॉल्फर्डच्या तंत्रशाळेतही त्याने अनेक वर्षे अभ्यास केला. दिवसा नोकरी आणि रात्री शिक्षण असा हा सुमारे २० वर्षांचा क्रम होता. नोकरदारांसाठी सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या रात्रीच्या वर्गांनी घडविलेला हा कलावंत होता, हे विसरता कामा नये.

आणि नोकरी कोणती? १९१० मध्ये तो मँचेस्टरच्या पॉल मॉल प्रॉपर्टी कंपनीत लागला आणि १९५२ मध्ये मुख्य रोखपाल म्हणून निवृत्त झाला. या ४२ वर्षांत त्याच्या कामाचा मोठा भाग होता घरभाडे वसूल करण्याचा. हातात वही घेऊन मँचेस्टर व सॉल्फर्डच्या गल्ल्यांतून दारोदार फिरायचे, कोणी पैसे हातावर ठेवी, कोणी पुढच्या आठवड्याचा वायदा करी, कोणी दारच उघडत नसे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात भाडे ही उत्पन्नाच्या वाटणीतील एक संज्ञा असते. सॉल्फर्डच्या कुटुंबात ती आठवड्याच्या मजुरीतून सर्वांत आधी बाजूला काढावी लागणारी रक्कम होती. गिरणी चार दिवस बंद राहिली, घरातला कमावता माणूस आजारी पडला, तर त्याचा पहिला सुगावा भाडेवसुली करणाऱ्याला लागतो. लाउरीच्या चित्रांचे विषय याच फेऱ्यांत सापडलेले आहेत. 'द अरेस्ट' (१९२७) मध्ये पोलीस एका माणसाला घेऊन जात आहेत. 'द रिमूव्हल' (१९२८) मध्ये घर खाली करावे लागलेल्या कुटुंबाचे सामान रस्त्यावर आलेले आहे. 'द फीव्हर व्हॅन' (१९३५) मध्ये साथीच्या रोग्याला न्यावयास आलेली गाडी गल्लीत थांबली आहे आणि शेजारीपाजारी जमून पाहत आहेत; सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा तेथे येण्यास तेव्हा आणखी १३ वर्षे अवकाश होता.

आपल्या या नोकरीविषयी लाउरीने जन्मभर मौन पाळले. आपली गणना रविवारच्या हौशी चित्रकारांत होईल ही भीती त्याला होती, आणि १९७६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच ही गोष्ट सर्वांना कळली. कलावंताने पोटासाठी काम केले तर तो खरा कलावंत नव्हे, हा जो फुरसतवाल्या वर्गाचा संकेत आहे, त्याचे दडपण या माणसाने आयुष्यभर वाहिले असे दिसते.

समाजवादी विचाराच्या वाचकाच्या मनात येथे एक शंका साहजिकच येईल. हा मनुष्य दाराच्या कोणत्या बाजूला उभा होता? तो घरमालकाचा वसुलीदार होता. कोणत्याही चळवळीशी त्याचा संबंध नव्हता. आपण समाजसुधारणेसाठी चित्रे काढीत नाही, दुःखितांची कैवारी भूमिका आपली नाही, असे तो बजावून सांगत असे. मग त्याला कामगारांचा चित्रकार का म्हणावे? या शंकेचे उत्तर एंगल्सने १८८८ मध्येच एका पत्रात देऊन ठेवले आहे. राजनिष्ठ बाल्झॅकच्या कादंबऱ्यांतून फ्रेंच समाजातील मालमत्तेच्या संबंधांविषयी आपण जेवढे शिकलो तेवढे व्यावसायिक इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ यांच्याकडूनही शिकलो नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. लेखकाचे मत आणि लेखकाला दिसलेले वास्तव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतः एंगल्स ज्या गिरणीच्या व्यवसायातून उपजीविका करीत होता, तिची भागीदारी त्याच्या वडिलांकडे होती आणि गिरणी सॉल्फर्डमध्येच होती. १८४५ च्या त्याच्या ग्रंथात मँचेस्टर-सॉल्फर्डच्या ज्या गल्ल्या वर्णिलेल्या आहेत, त्याच परिसरात पाऊणशे वर्षांनंतर लाउरी वही घेऊन फिरत होता. एक मालकाचा मुलगा, दुसरा मालकाचा नोकर. दोघांनाही वस्तीत शिरण्याची वाट त्या व्यवस्थेनेच करून दिली. फरक एवढाच की एंगल्सने कारण शोधले आणि लाउरीने दृश्य टिपले.

हे दृश्य त्याने ज्या रीतीने टिपले तिच्यातही विचार आहे. त्याच्या रंगपेटीत जन्मभर पाचच रंग राहिले : काळा, सिंदुरी, प्रशियन निळा, पिवळी गेरू आणि पांढरा. आरंभीची त्याची चित्रे फार काळवंडलेली असत. 'मँचेस्टर गार्डियन'चे समीक्षक बर्नार्ड टेलर यांनी हा दोष दाखवून दिला, तेव्हापासून तो मागची भूमी पांढरी ठेवू लागला. काजळीने माखलेल्या शहराचे आकाश व रस्ते त्याच्या चित्रांत दुधाळ पांढरे असतात ते यामुळे, आणि त्या पांढऱ्यावर माणूस न् माणूस ठळक दिसतो. त्याच्या माणसांना बहुधा सावली नसते. ऊन-पावसाचा, ऋतूंचा मागमूस नसतो. दिवसाचे भान असते ते गिरणीच्या भोंग्याचे. 'कमिंग फ्रॉम द मिल' (१९३०) मध्ये गिरणीच्या दारातून बाहेर पडणारा घोळका असा आहे की त्यात प्रत्येकजण दुसऱ्याला लागून चालतो, पण सोबत कोणाचीच दिसत नाही.

ही माणसे काडेपेटीतील काड्यांसारखी आहेत, चित्रकाराने त्यांचे माणूसपण हिरावून घेतले आहे, हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप. या आक्षेपात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. या चित्रांत कामगार यंत्रावर क्वचितच दिसतो, सभेत व संपात त्याहूनही क्वचित. संघटित झालेला, आपल्या शक्तीची जाणीव झालेला कामगार लाउरीला फारसा दिसला नाही, ही त्याची मर्यादा होय. परंतु चित्राजवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक काडीची चाल निराळी आहे. कोणी पाय ओढते, कोणी मुलाला खेचत नेते, कोणी कुत्र्यासाठी थांबते. दुरून एकसारखी आणि जवळून वेगवेगळी दिसणारी ही गर्दी आहे. हजेरीपटावर जो केवळ एक क्रमांक असतो त्याला घरी नाव असते, ही जाणीव दारोदार फिरलेल्या माणसाला असणारच.

या चित्रांमागे जे अर्थकारण आहे त्याचा एक धागा थेट आपल्या देशापर्यंत येतो. १९१३ मध्ये लँकेशायरमधील गिरण्यांनी सुमारे ७०० कोटी वार कापड निर्यात केले, आणि त्यांतील सुमारे ३०० कोटी वार एकट्या हिंदुस्थानात आले. लाउरीला आपला विषय सापडला तो या वैभवाच्या अखेरच्या टप्प्यात. पहिल्या महायुद्धानंतरच्या अल्पकालीन तेजीत, १९१९-२० मध्ये, कित्येक गिरण्यांची फुगविलेल्या किमतींना, बँकांची कर्जे काढून खरेदी-विक्री झाली. ती तेजी ओसरताच कर्जाचा बोजा शिल्लक राहिला. जपानची स्पर्धा वाढली. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, आयातकर आणि स्वदेशीचे आंदोलन यांनी हिंदुस्थानची बाजारपेठ आकसली. लँकेशायरचे कामगार हजारोंनी बेकार झाले. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले, आणि ज्यांच्या पोटावर बहिष्काराचा पाय पडला होता अशा कामगारांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. तुमच्या बेकारीची आम्हाला कणव आहे, पण आमच्या खेड्यांतील बेकारी याहून भीषण आहे, हे गांधीजींनी त्यांना स्पष्टपणे सांगितले. साम्राज्याने एकमेकांसमोर उभ्या केलेल्या दोन कामगारवर्गांची ती भेट होती. ज्या वर्षांत ही भेट झाली त्याच वर्षांत लाउरी सॉल्फर्डच्या रस्त्यांवर थबकलेले, वाट पाहणारे, रांगेत उभे असलेले लोक रंगवीत होता. पुढे १९५८ मध्ये ब्रिटनची सुती कापडाची आयात निर्यातीपेक्षा अधिक झाली, आणि १९५९ मध्ये सरकारने कायदा करून जुनी यंत्रे मोडीत काढण्यासाठी मालकांना अनुदान दिले. पहिल्या औद्योगिक राष्ट्राने आपला पहिला उद्योग असा आवरता घेतला.

लाउरीला कीर्ती लाभली ती याच पडत्या काळात, आणि तीही उशिरा. १९३२ मध्ये वडील कर्ज मागे ठेवून वारले. आई अंथरुणाला खिळली, आणि १९३९ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत तिची शुश्रूषा त्यानेच केली. दिवसभर कचेरी, संध्याकाळी आजारी आई आणि ती झोपल्यावर मध्यरात्रीपर्यंत किंवा त्यानंतरही चित्रे, असा त्याचा नेम होता. १९३९ मध्येच लंडनच्या लफेव्हर गॅलरीत त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले, तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. त्या वर्षी टेट संग्रहालयाने त्याचे एक चित्र घेतले. पण मुलाच्या कलेचे ज्या आईला कधी कौतुक वाटले नाही, ती ते सुख पाहावयास फार दिवस राहिली नाही. पुढे युद्धकाळात सरकारने त्याच्याकडून चित्रे करून घेतली, १९६२ मध्ये रॉयल अकॅडमीने त्याला पूर्ण सदस्यत्व दिले आणि १९६४ मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी नाताळच्या शुभेच्छापत्रासाठी त्याचे 'द पाँड' हे चित्र निवडले. सरकारी सन्मान मात्र त्याने एकही स्वीकारला नाही. १९५५ ते १९७६ या काळात 'सर' ही पदवी धरून एकूण पाच सन्मान त्याने नाकारले, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी यादीवरून स्पष्ट झाले. २३ फेब्रुवारी १९७६ रोजी तो वारला.

तोपर्यंत त्याने रंगविलेले बरेचसे जग भुईसपाट झाले होते. गलिच्छ वस्त्या पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, १९८२ मध्ये सॉल्फर्डची गोदीही बंद पडली. त्या गोदीच्या जागेवर २००० साली नाट्यगृहे व चित्रदालने असलेली भव्य इमारत उभी राहिली आणि तिला 'द लाउरी' हे नाव देण्यात आले. जे जग नष्ट होते त्याची चित्रे महाग होतात, हा बाजाराचा नियम येथेही खरा ठरला. जुन्या गल्ल्यांची हुरहूर वाटणे माणसाच्या स्वभावात आहे. परंतु त्या गल्ल्यांत क्षय होता, ओल होती आणि दर आठवड्याचे भाडे होते, याची साक्षही हीच चित्रे देतात. त्यांचा उपयोग केवळ गोड आठवणींसाठी करणे म्हणजे चित्रकाराने जे पाहिले त्याकडे पाठ फिरविणे होय.

राजधानीतील कलावर्तुळांनी लाउरीला प्रादेशिक, सोपा, लोकप्रिय म्हणून बराच काळ दूर ठेवले. टेट संग्रहालयाकडे त्याच्या वीसहून अधिक कृती असूनही त्या क्वचितच भिंतीवर येत. त्याचे मोठे प्रदर्शन टेटने भरविले ते २०१३ मध्ये, मृत्यूनंतर ३७ वर्षांनी. टी. जे. क्लार्क आणि ॲन वॅग्नर या कला-इतिहासकारांनी त्याची मांडणी केली आणि ज्या देशात औद्योगिक क्रांती झाली त्या देशाच्या चित्रकलेत औद्योगिक शहर एवढे कमी का दिसते, हा मूलगामी प्रश्न त्यानिमित्ताने पुढे आणला.

पण लाउरीची चित्रे लंडनच्या मान्यतेची वाट पाहत बसली असती तर आज लोकांच्या मालकीची फारच थोडी उरली असती. ती उरली याचे श्रेय उत्तरेकडील नगरपालिकांना आहे. 'ॲन ॲक्सिडेंट' हे १९२६ चे चित्र मँचेस्टर नगरपालिकेने १९३० मध्ये विकत घेतले. सॉल्फर्डच्या नगरपालिका संग्रहालयाने १९३६ पासून त्याची चित्रे जमविण्यास आरंभ केला. तो काळ मंदीचा होता. वॉल्टर ग्रीनवुडची 'लव्ह ऑन द डोल' ही बेकारांच्या जीवनावरील कादंबरी याच सॉल्फर्डमधून तीन वर्षांपूर्वी आली होती. गावावर असा प्रसंग असताना तेथील नगरपालिकेने, फारसे नाव न झालेल्या एका स्थानिक चित्रकाराची चित्रे लोकांच्या पैशाने घेतली. 'द लाउरी'त असलेल्या सुमारे ४०० कृतींचा गाभा हाच संग्रह आहे. आणि २०२२ मध्ये? २०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणाने ब्रिटनमधील नगरपालिकांचे अनुदान वर्षानुवर्षे कापले गेले होते. मंदीतल्या दरिद्री गावाला जे १९३६ मध्ये साधले, ते कितीतरी अधिक संपन्न अशा देशातील त्याच गावाला आता दुसऱ्याच्या दानाखेरीज साधेना. राष्ट्र गरीब झाले म्हणून हे घडले नाही. संपत्ती सार्वजनिक तिजोरीकडून खासगी तिजोरीकडे वळली, म्हणून घडले.

मुंबईच्या गिरणगावाला यातून शिकण्यासारखे आहे. तेथील चात्या व माग बहुतांशी लँकेशायरमधूनच आले होते, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्यांचेही तेच झाले जे लँकेशायरच्या गिरण्यांचे झाले. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे व्यवसाय सांभाळून चित्रे काढणाऱ्या सुधीर पटवर्धनांनी २००१ मध्ये 'लोअर परळ' रंगविले, तेव्हा जुन्या गिरणगावाचे नवे रूप आकाराला येत होते. कामगारवस्त्या पाहणारे, रंगविणारे आणि त्यांची छायाचित्रे टिपणारे कलावंत आपल्याकडेही आहेत, आणि त्यांतील पुष्कळांना अद्याप नाव मिळालेले नाही. त्यांच्या कलाकृती महापालिकांनी, विद्यापीठांनी, कामगार संघटनांनी आणि सहकारी संस्थांनी घ्यावयाच्या त्या आज, किमती आवाक्यात असताना. अंदाजपत्रकात या कामासाठी एक छोटीशी कायम तरतूद करणे कोणत्याही मोठ्या महापालिकेला अशक्य नाही. ती केली नाही, तर पुढे लिलावगृहाच्या दारात उभे राहून उदार धनिकाची वाट पाहावी लागेल. आणि तो प्रत्येक वेळी येईलच याची हमी कोणी दिलेली नाही.